वीसपासून निघालेली क्रमिका थांबत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोणतीही संख्या घ्यायची, तिचे मूळ अवयव पाडायचे, ते चढत्या क्रमाने घातांकांसकट एकापुढे एक लिहायचे (घातांक १ असेल तर तो गाळायचा) आणि जी नवी संख्या दिसेल तिच्यावर पुन्हा तेच करायचे. यासाठी तुम्ही प्रोग्रॅम लिहिलात. ६० दोन पायऱ्यांत थांबते, पण २० थांबायचे नाव घेत नाही. चूक प्रोग्रॅममध्ये आहे की क्रमिकाच अशी आहे? आणि आपल्याच पदांच्या अवयवांतून पुढे सरकणाऱ्या अशा क्रमिकांबद्दल काही ठामपणे सिद्ध होते का?

आधी प्रोग्रॅम. ६० म्हणजे २ चा वर्ग गुणिले ३ गुणिले ५, म्हणून २२३५. मग २२३५ = ३ × ५ × १४९, म्हणून ३५१४९. ही मूळ संख्या आहे. मूळ संख्येचा मूळ अवयव ती स्वतःच, त्यामुळे ती स्वतःलाच लिहिते आणि गाडी तिथे उभी राहते. आता २० ची वाट हाताने पडताळून बघा:

२० → २२५ → ३२५२ → २२३२७१ → २९७६९९ → ३९९२३३ → ७१५६२३ → ३२६३९०७ → ३२३४७३०३

तुमची पदे इथपर्यंत जुळत असतील तर तर्क बरोबर आहे. पुढे मात्र एक सापळा आहे. ६४ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात जास्तीत जास्त १९ अंकी संख्या मावते, तीही सगळी नाही. ती मर्यादा ओलांडली की काही भाषा तक्रार न करता वरचा भाग कापून संख्या गुंडाळून टाकतात आणि प्रोग्रॅम खुशाल चुकीची पदे देत राहतो. मी स्वतः एकदा अशी गुंडाळलेली संख्या मूळ निघाली म्हणून अर्धा दिवस हवेत होतो. तेव्हा कितीही मोठे पूर्णांक सांभाळणारा प्रकार वापरा, आणि प्रत्येक पायरीवर अवयवांचा गुणाकार करून आधीचीच संख्या परत येते का ते बघा. अवयव पाडणे महाग असते, हा गुणाकार जवळजवळ फुकट आहे.

हे सगळे नीट करूनही २० थांबताना दिसणार नाही. शंभराहून अधिक पायऱ्या चालवूनही ती कुणाकडे थांबलेली नाही. म्हणजे चूक तुमची नाही.

या नियमाबद्दलची अटकळ गणितज्ञ जॉन कॉनवे यांची. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी मूळ संख्या गाठली जाते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि २०१४ मध्ये त्यांनी सिद्धतेला किंवा खंडनाला १००० डॉलरचे बक्षीस लावले. असे वाटायला कारण आहे. १०० अंकी संख्या यदृच्छया उचलली तर ती मूळ असण्याची शक्यता सुमारे २३० त एक. आपल्या क्रमिकेतल्या पदाचा शेवट बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या मूळ संख्येने होतो, त्यामुळे शेवटचा अंक १, ३, ७ किंवा ९ असतो आणि शक्यता ९० त एकच्या आसपास येते. अंक वाढत जातात तशी ही शक्यता घटते, पण हळूहळू घटते. पदांची लांबी पायरीगणिक साधारण सारखीच वाढत असेल तर या शक्यतांची बेरीज १ + १/२ + १/३ + … या जातीची होते. ती अनंताकडे जाते खरी, पण रखडत रखडत. म्हणून ‘शेवटी थांबेल’ असे वाटते, आणि ‘आपल्या हयातीत थांबेल’ असे मात्र वाटत नाही. अर्थात ही सिद्धता नव्हे. क्रमिकेतली पदे यदृच्छया उचललेली नसतात, नियमाने ठरलेली असतात.

अटकळ पडली ती याच ठिकाणी. कशी पडली ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे.

नियमात घातांक लिहिला नाही आणि ४९ ला ७२ च्या ऐवजी ७, ७ असेच लिहिले, तर काय होते बघा. प आणि फ या दोन संख्या शेजारी लिहिल्या आणि फ मध्ये य अंक असले, तर नवी संख्या प गुणिले १० चा य वा घात अधिक फ. पण १० चा य वा घात नेहमी फ पेक्षा मोठा, म्हणून ही संख्या प × फ पेक्षा नक्कीच मोठी. म्हणजे या प्रकारात प्रत्येक संयुक्त पद वाढतच जाते. ते परत स्वतःवर येऊ शकत नाही, फेरा धरू शकत नाही. एकतर मूळ संख्या, नाहीतर अखंड चढण. (इथला हट्टी गडी ४९: ४९ → ७७ → ७११ → ३३७९ → ३११०९ → १३२३९३ → … हीसुद्धा शंभराहून अधिक पायऱ्यांनंतर अधांतरीच आहे.)

घातांक लिहायला लागलो की ही वाढ हमखास राहत नाही. २ चा २३ वा घात म्हणजे ८३८८६०८, पण तो लिहायचा २२३. सात अंकांवरून तीनवर! शिवाय लेखन एकास एकही राहत नाही. १२ चे लेखन २२३, ४६ म्हणजे २ × २३ चेही २२३, ८३८८६०८ चे २२३, आणि २२३ स्वतः मूळ असल्याने तिचेही २२३. म्हणजे घातांक संख्येला आकसवतो आणि शेजारी लिहिणे तिला फुगवते. हे दोन्ही परिणाम एखाद्या संयुक्त संख्येत तंतोतंत फिटले तर ती स्वतःलाच लिहील. मग ती थांबेल, पण मूळ संख्येवर नाही, आणि अटकळ खोटी ठरेल.

२०१७ मध्ये जेम्स डेव्हिस यांनी नेमकी अशी संख्या दाखवली:

१३५३२३८५३९६१७९ = १३ × ५३ चा वर्ग × ३८५३ × ९६१७९

उजवीकडचे अंक सलग वाचा: १३, ५३, २, ३८५३, ९६१७९. डावी बाजू तयार.

ही साडेतेरा लाख कोटींच्या वरची संख्या आहे. १, २, ३ करत एकेक संख्या तपासत तिथे पोचायचे म्हटले तर घरच्या संगणकाला ते झेपणार नाही. पण नियम उलट्या बाजूने लिहिला तर काम हास्यास्पद वाटावे इतके सोपे होते. सर्वांत मोठा मूळ अवयव प वेगळा काढा. तो एकदाच येतो आणि त्यात य अंक आहेत असे धरा. उरलेल्या अवयवांचा गुणाकार क, आणि क चे लेखन ल म्हणू. आपल्याला हवे ते असे:

क × प = ल × (१० चा य वा घात) + प

म्हणजे प × (क − १) = ल × (१० चा य वा घात). आता प ही २ किंवा ५ नाही, म्हणून ती १० च्या घाताला भागू शकत नाही. तिला ल लाच भागावे लागेल. ल = म × प असे लिहिले की लगेच क − १ = म × (१० चा य वा घात). अर्थात क ला दुसरे रूपच नाही: म च्या पुढे काही शून्ये आणि शेवटी १.

आता शोध कसा घ्यायचा? य = ५ धरा. १०००००१ नव्हे, १००००१ पासून सुरुवात करा (इथे शून्ये मोजताना मीही चुकतो), मग २००००१, ३००००१, … प्रत्येकाचे अवयव पाडा, लेखन तयार करा, त्याला म ने भागा, आणि भागाकार पाच अंकी मूळ संख्या येतो का, शिवाय ती क च्या सगळ्या अवयवांहून मोठी आहे का, ते बघा. म = १४०७ ला क = १४०७००००१ = १३ × ५३ चा वर्ग × ३८५३. लेखन १३५३२३८५३. त्याला १४०७ ने भागले की ९६१७९, बाकी शून्य, आणि भागाकार मूळ. म्हणजे य = ५ हे एकदा ठरले की फार तर नऊ अंकी असलेल्या १४०७ संख्यांचे अवयव पाडायचे. संगणकाला हे डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर जमते.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला: २० ला आणखी दोनशे पायऱ्या पळवण्यात रात्री घालवू नका. तिथून निष्पन्न झालेच तर एक मोठी मूळ संख्या होईल. नियमाचे समीकरण मांडा आणि ‘ही संख्या स्वतःला कधी लिहील?’ हे बीजगणिताला विचारा. डेव्हिस यांच्या संख्येने अटकळ मोडली, पण २० चे काय होते हा प्रश्न तसाच आहे. एका संख्येची वाट आणि सगळ्या संख्यांबद्दलचे विधान, या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता दुसरा प्रश्न, सिद्ध काय होते. माझ्या अनुभवात एक ढोबळ कसोटी चालते. नियम फक्त ‘कोण कोणाला भागतो’ एवढेच विचारत असेल तर बहुधा काहीतरी हाती लागते. नियमात भागाकाराच्या जोडीला बेरीज किंवा दशमान अंक घुसले की हात आखडतो, कारण न चे अवयव माहीत असले तरी न + १ चे अवयव काय असतील याचा पत्ता लागत नाही.

पहिल्या जातीचा माझा सर्वांत आवडता नमुना म्हणजे ईकेजी क्रमिका, २००१ मध्ये जोनाथन एअर्स यांनी सुचवलेली. आलेख हृदयाच्या ठोक्यांच्या पट्टीसारखा खालीवर उडतो म्हणून हे नाव. सुरुवात १, २ ने. पुढचे पद म्हणजे आधीच्या पदाशी १ हून मोठा सामाईक विभाजक असलेली, अजून न वापरलेली सर्वांत लहान संख्या. मिळते ती अशी: १, २, ४, ६, ३, ९, १२, ८, १०, ५, १५, १८, १४, ७, २१, २४, १६, … प्रश्न: प्रत्येक धन पूर्णांक यात कधी ना कधी येतो का? येतो. लगारियास, रेन्स आणि स्लोन यांनी ते २००२ मध्ये सिद्ध केले. सिद्धता इतकी छोटी आहे की इथेच देतो.

समजा एखाद्या मूळ संख्येच्या, प च्या, अनंत पटी क्रमिकेत आल्या. मग तिची प्रत्येक पट येते. का? एखादी पट, समजा ट, कधीच आली नाही असे माना. जेव्हा जेव्हा प ची पट येते तेव्हा ट ही पुढच्या पदाची उमेदवार असते, आणि ती निवडली जात नाही याचा अर्थ तिच्याहून लहान संख्या निवडली गेली. असे अनंत वेळा घडायला हवे, पण ट हून लहान संख्या मोजक्याच आहेत आणि कोणतीही पुन्हा वापरायची नाही. विसंगती. आता कोणतीही संख्या ग (१ सोडून) घ्या. प च्या सगळ्या पटी येतात, त्यांत ग × प च्याही सगळ्या पटी आल्या, म्हणजे ग च्या अनंत पटी आल्या. त्या प्रत्येक वेळी ग उमेदवार असते, आणि वरच्याच कारणाने तिला फार काळ डावलता येत नाही.

उरले एवढेच दाखवायचे की अशी एखादी प आहे. क्रमिकेत मोजक्याच मूळ संख्यांच्या पटी येत असतील तर पदे अनंत असल्याने त्यांतल्या एकीच्या तरी अनंत पटी असणार. उलट, अनंत मूळ संख्या अवतरत असतील तर एखादी विषम प पहिल्यांदा कशी येते ते बघा. आधीचे पद तिची पट नाही, म्हणून जोडणारा सामाईक अवयव दुसरा कुठला तरी मूळ ब आहे. ब × प ही न वापरलेली उमेदवार आहेच, म्हणून पद नेमके ब × प येते, आणि ब च्या त्याहून लहान सगळ्या पटी आधीच खर्च झालेल्या असतात. त्यामुळे पुढचे पद प च. त्यानंतर प ची न वापरलेली सर्वांत लहान पट: ब हा २ नसेल तर २ × प, आणि ब हाच २ असेल तर २ × प नुकतीच येऊन गेली. कसेही झाले तरी प्रत्येक नव्या विषम मूळ संख्येमागे एक सम पद मिळते. मूळ संख्या अनंत, म्हणून सम पदेही अनंत, आणि आपल्याला हवी असलेली संख्या २ मिळाली.

या युक्तिवादात एकही बेरीज नाही, एकही अंक नाही. म्हणून तो चालतो. प्रत्यक्षात जोडणारा ब नेहमी २ असतो आणि प नंतर ३ × प येते (६, ३, ९ किंवा १४, ७, २१ बघा). हे सिद्ध करायला मात्र बरेच जास्त कष्ट पडले. हॉफमन आणि पिलिपचुक यांनी ते २००८ मध्ये पुरे केले.

दुसऱ्या जातीत युक्लिड–मुलिन क्रमिका. मूळ संख्या अनंत असल्याच्या युक्लिडच्या सिद्धतेत ‘आतापर्यंतच्या मूळ संख्यांचा गुणाकार अधिक १’ ही संख्या येते. ती मूळच असते असा एक लोकप्रिय गैरसमज आहे. २ × ३ × ७ × ४३ + १ = १८०७ = १३ × १३९, तेव्हा नाही. अल्बर्ट मुलिन यांनी १९६३ मध्ये विचारले: दर वेळी सर्वांत लहान मूळ अवयव घेऊन यादीत घालत गेलो तर? २, ३, ७, ४३, १३, ५३, ५, ६२२१६७१, … लहान मोठ्या उड्या मारत चालते. ३१ येते ती थेट ५० व्या स्थानी, आणि ४१ अजून दिसलेली नाही. सगळ्या मूळ संख्या येतात का, हे माहीत नाही. डॅनियल शँक्स यांनी १९९१ मध्ये येतात असा अंदाज बांधला, तोही वर सांगितल्यासारख्याच शक्यतांच्या हिशेबावर.

गंमत अशी की लहानाऐवजी सर्वांत मोठा मूळ अवयव घेतला तर चित्र बदलते. तिथे २, ३, ७, ४३, १३९, ५०२०७, … असे होते, आणि ५ कधीच येत नाही. कारण दोन ओळींचे आहे. गुणाकारात २ आणि ३ आहेत, म्हणून अधिक १ केलेल्या संख्येला ते भागणार नाहीत. तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव ५ असायचा तर ती संख्या ५ चा घातच असली पाहिजे. पण ५ च्या कोणत्याही घातातून १ वजा केला तर उत्तर ४ ने भागले जाते, आणि आपला गुणाकार तर वेगवेगळ्या मूळ संख्यांचा, त्यात २ एकदाच. तेव्हा अशक्य. कॉक्स आणि व्हॅन डर पूर्टेन यांनी १९६८ मध्ये ११, १३ यांसारख्या आणखी काही संख्या बाद केल्या, आणि अनंत मूळ संख्या या यादीतून सुटतात हे अँड्र्यू बुकर यांनी २०१२ मध्ये दाखवले. एका शब्दाच्या फरकाने एक प्रश्न सुटतो आणि दुसरा जागचा हलत नाही. तुमच्या स्वतःच्या नियमातही ‘लहान’च्या जागी ‘मोठा’ घालून बघाच.

जाता जाता एक स्वसंदर्भी रत्न, कारण ते विषयात बसते. तर्कशास्त्रज्ञ गोडेल यांनी १९३१ मध्ये चिन्हांची ओळ एका संख्येत कोंबण्यासाठी २, ३, ५, ७, … यांचे घातांक वापरले होते. तीच रीत संख्येच्या अंकांना लावा. ८१३१२००० चे अंक ८, १, ३, १, २, ०, ०, ०. २ चा ८ वा घात = २५६, गुणिले ३ = ७६८, गुणिले १२५ = ९६०००, गुणिले ७ = ६७२०००, गुणिले १२१ = ८१३१२०००. पुढचे तीन घातांक शून्य. हिला मीर्टेन्स संख्या म्हणतात. रिचर्ड बर्ड यांनी १९९८ मध्ये लँबर्ट मीर्टेन्स यांच्या सन्मानार्थ हे नाव दिले. दशमान पद्धतीत अशी दुसरी सापडलेली नाही.

कामाच्या दोन गोष्टी राहिल्या. अवयव पाडताना आधी काही हजारांपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून घ्या, उरलेल्या संख्येवर मूळत्वाची जलद चाचणी लावा, आणि ती संयुक्त निघाली तरच पोलार्डची ऱ्हो पद्धत वापरा. ती अपुरी पडली की लंबवर्तुळी वक्रांची पद्धत. सरळ भागाकाराने वर्गमुळापर्यंत जाणारा प्रोग्रॅम वीसेक अंकांनंतर गुडघे टेकतो. दुसरे म्हणजे पाडलेले अवयव फाइलमध्ये साठवत जा. बऱ्याच वाटा पुढे एकमेकींना मिळतात, १२ आणि ४६ मिळाल्या तशा.

आणि प्रोग्रॅम दुरुस्त झाला की तोच नियम द्विमान पद्धतीत चालवून २५५९८७ द्या. ती ३ चा घन × १९ × ४९९ आहे. द्विमानात ३ म्हणजे ११, घातांक ३ पुन्हा ११, १९ म्हणजे १००११, ४९९ म्हणजे १११११००११. सलग लिहा: ११११‌१००११‌११११‌१००११, आणि हे २५५९८७ चेच द्विमान रूप आहे. वरच्या समीकरणात १० च्या जागी २ घाला, य = ९ आणि म = १ धरा. मग क = ५१३, म्हणजे ३ चा घन × १९, आणि तिचे लेखन नेमके ४९९.